एवढं पान होऊ दे

मी लिहायचा पुठ्ठा बोलतोय. तपकिरी, कडक, वरच्या कडेला लोखंडी चाप. वर्ध्याला हिरालालच्या दुकानात माझ्यासारखे वीस जण एकावर एक पडून होतो. १९७७ च्या उन्हाळ्यात प्रमिलाबाईंनी मला उचललं, चाप दोनदा दाबून पाहिला आणि पिपरी मेघेला घरी आणलं.

आधी प्रमिलाबाई नागपूरला नर्स होत्या. कुमुद झाली आणि नोकरी सुटली. शिकलेलं मात्र डोक्यात तसंच होतं. मग नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्या आरोग्यावर लिहू लागल्या. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं, बाळंतिणीला काय खाऊ घालावं, असं. वाचकांच्या पत्रांना उत्तरंही देत. घरात टेबल नव्हतं. त्यांची मांडी आणि मी. एक डोळा चुलीवरच्या वरणाकडे, एक माझ्याकडे. त्यांची हळदीची बोटं माझ्या पाठीवर अजून आहेत. लिहून झालं की त्यांचे यजमान प्रभाकरराव कचेरीत जाताना पाकीट पोस्टात टाकत.

१९८२ च्या पावसाळ्यात समुद्रपूरकडच्या एका खेड्यात हगवणीची साथ आली. विहिरींच्या पाण्यावर चार लेख पाठवा, असं संपादकांनी कळवलं. प्रमिलाबाई सकाळच्या एसटीनं जात, बायकांशी बोलत आणि दुपारी परतल्या की हातपाय धुऊन लिहायला बसत. त्यांना इतकं मन लावून लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मलाही त्याचा अभिमान वाटत होता.

त्याच दिवसांत सात वर्षांची कुमुद जवळ येऊन म्हणाली, "आई, माहा कान दुखून राह्यला."

"एवढं पान होऊ दे बाई, मग पाहतो."

पान झालं, दुसरं लागलं. दोन दिवसांनी सासूबाई, रुख्माबाई, दारात येऊन म्हणाल्या, "सुनबाई, मी लसणाचं तेल टाकलं पोरीच्या कानात. तरी कान वाहूनच राह्यला."

प्रमिलाबाई मान न उचलता "बरं" म्हणाल्या.

तीन आठवडे गेले. चौथा लेख संपला आणि साचलेली पत्रं पुढे आली. एका आईनं विचारलं होतं, मुलाचा कान वाहतो, काय करू? प्रमिलाबाईंनी भराभर लिहिलं: 'घरी तेल मुळीच घालू नये. एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवावं.' पूर्णविराम दिला आणि पेन थांबलं.

कुमुद अंगणात पाठमोरी बसून चिंचोके मोजत होती.

"कुमुद," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा. कुमुदनं वळून पाहिलं नाही.

मला पिशवीत तसंच कोंबून त्या पोरीला घेऊन निघाल्या. कानामागे सूज आली होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला. डाव्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच.

ते उत्तर प्रभाकररावांनी माझ्या चापातून काढून नेहमीसारखं पोस्टात टाकलं होतं. रविवारी ते छापून आलं. दवाखान्यात खाटेशेजारी बसून ते आपल्या आईला, रुख्माबाईंना, पुरवणी वाचून दाखवत होते. कानाच्या उत्तरावर आले तसा त्यांचा आवाज बारीक झाला.

रुख्माबाई रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "साऱ्या जिल्ह्याले सांगून राह्यली तू, सुनबाई. मले काऊन नाई सांगितलं?"

प्रमिलाबाई चादरीचं टोक सरळ करत राहिल्या.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. दिवाळीनंतर त्या खेड्यातल्या सुलोचनाबाई दोन लेकरांना घेऊन घरी आल्या. लेख वाचून सरपंचानं विहिरीत औषध टाकलं, माही लेकरं वाचली, म्हणाल्या. पुढचं कधी लिहिता? प्रमिलाबाईंनी चहा दिला, लेकरांच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाल्या, "मी आता लिहीत नाई." कोपऱ्यातून मी ऐकलं. ती लेकरं खरी होती आणि कुमुदचा कानही खरा होता. मला आजवर त्या दोन्हींचा मेळ घालता आलेला नाही.

रुख्माबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांना उत्तर मिळालं नाही.

आता १९८८ आहे. मी फळीवर उभा टेकवलेला आहे, चाप गंजून घट्ट झालाय. आत्ताच कुमुदनं भाजी निवडता निवडता विचारलं, "आई, माह्या कानाले नेमकं काय झालतं?"

"आजार झालता," म्हणून प्रमिलाबाई आत गेल्या.

प्रमिलाबाई, मला काढू नका, कागद लावू नका. पण पोरगी अजून तिथेच बसली आहे. बाहेर या आणि तिला सांगा. तिच्या उजव्या बाजूला बसा, म्हणजे एकदाच सांगावं लागेल.