पेटीला टेकलेला टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काचेचा एक कोपरा तडकलाय, पाठीवरचं लाल कव्हर झिजलंय. झाशीत खंडेराव गेटजवळच्या एका घरात, खिडकीतल्या उन्हात पडून मी आपल्याच आठवणींत तरंगत असतो.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला फक्त पांढराशुभ्र उजेड आठवतो. डोळे खरे उघडले ते बड्या बाजारातल्या दुकानात. रमाकांतबुवांनी मला हातात घेतलं आणि विचारलं, "भैया, इसमें अक्षर कितने बड़े होते हैं?"

रेल्वेतून निवृत्त झालेले बुवा देवळात कीर्तन करत. त्यांची सगळी आख्यानं, सगळी पदं माझ्या पोटात गेली. हार्मोनियमची साथ करणाऱ्या दुर्गाताईंच्या पेटीला टेकून मी बसायचो. बुवा झांज वाजवत पुढे यायचे, एक नजर टाकायचे, मागे सरायचे. लोक त्यांच्या पाठांतराचं कौतुक करत. त्यात माझा घासभर वाटा होता, तेवढा मला पुरे होता.

मग वय झालं, माझंही आणि बुवांचंही. माझी बॅटरी तासाभरात मान टाकू लागली. अपडेट यायचे थांबले. बुवाही पदाच्या मध्येच थांबू लागले. एकदा मला पुसता पुसता म्हणाले, "यंदा रामनवमीला अडखळलो, तर झांज कायमची ठेवून देईन रे."

त्यांच्या लेकीने, आभाने, नवा टॅब आणला. तीन दिवस आम्ही दोघे टेबलावर शेजारी शेजारी.

"बाबा, याची सिस्टिम वेगळी आहे. जास्त सेफ आहे, पाच-सहा साल अपडेट येत राहतील. चेहरा दाखवला की अपने आप खुल जाता है."

"याची बटणं कुठे गेली?"

"नाहीतच. वरून ओढायचं. वरून, बाबा, खालून नाही."

"म्हातारपणी पुन्हा बाराखडी," बुवा पुटपुटले.

मित्रांनो, सिस्टिम म्हणजे आमचा स्वभाव. माझा स्वभाव सैल. कुणी कुठेही काही ठेवा, मला चालतं, पसाराही होतो. नव्याचं सगळं जागच्या जागी, दार नीट लावलेलं. खरं सांगतो, मला तो आवडला. आख्यानं त्याच्यात उतरली. मला दुकानात परत द्यायचं ठरलं. दुर्गाताईंचं घर दुकानापाशीच, म्हणून रामनवमीच्या सकाळी मी त्यांच्या पिशवीत होतो.

देवळात कीर्तनाचा पूर्वरंग सुरेख रंगला. मध्यंतरात, दर कीर्तनाला येणाऱ्या पार्वतीकाकूंनी बुवांना हार घातला, कपाळी काळा, सुगंधी बुक्का लावला. मग मायेने नव्या टॅबकडे वळल्या. "याचंही पहिलंच कीर्तन," म्हणत त्यांनी त्याच्याही माथ्यावर मधोमध बोट टेकवलं. नेमका तिथेच त्याचा डोळा, म्हणजे कॅमेरा. बिचारा बुवांना ओळखेना. आकडा मागू लागला. आभाने तो दहादा सांगितला होता, पण ती आज देवळात नव्हती आणि बुवांना तो आठवेना.

बाराच्या ठोक्याला रामजन्म व्हायचा होता. पाऊण तास उरलेला. बुवा झांज खाली ठेवू लागले.

दुर्गाताईंनी पिशवीत हात घातला आणि मला पेटीला टेकवलं. "बुवा, हा आहे ना. म्हणा."

बोट फिरताच मी उघडलो. माझ्यात पन्नासच टक्के जीव होता. उजेड मंद करून मी ओळ धरून राहिलो. अयोध्येचे रस्ते, फुलांचा पाळणा, सुंठवड्याचा वास, सगळं माझ्या काचेवरून पाण्यासारखं वाहत होतं. वीस टक्के. सहा. तीन. रामजन्माच्या पदाच्या पहिल्या ओळीवर मी विझलो.

त्या काळोखात बुवांचा आवाज येत होता. तो थांबला नाही. बाराचा ठोका पडला, फुलं उधळली.

"दुर्गाताई, हा विझला कधी?" बुवांनी नंतर विचारलं.

"पाळण्याआधीच."

"मला कळलंच नाही," म्हणत त्यांनी झांज पुसली आणि पुढच्या एकादशीसाठी नीट गुंडाळून ठेवली.

मी दुकानात गेलो नाही. नव्यावर बुवा पेपर वाचतात, दूरच्या माणसांशी बोलतात. तो आकडा आता त्यांना पाठ आहे. कीर्तनात मात्र मीच, चार्जरच्या वायरीला बांधलेला, पेटीला टेकलेला.

मित्रांनो, नवा टॅब घ्याल तेव्हा वेग विचारा, अपडेट किती वर्षं मिळतील ते विचारा. पण ज्याच्या हातात तो जाणार, त्याला आधी एकट्याने उघडू द्या. आणि जुन्याला निरोप देण्यापूर्वी मऊ कापडाने पुसून पाहा, त्याच्याजवळ कुणाचं काय ठेवलंय.

परवा पार्वतीकाकू बुक्का घेऊन माझ्याकडेही आल्या. मला हळूच उलटं करून म्हणाल्या, "तुला पाठीवर लावते हो. डोळा राहू दे."