रत्नेच्या नावाची हाक

शेफालीनं साबणाच्या वडीएवढा स्पीकर उंबऱ्यावर ठेवला. आक्काबाईनं तो उचलला आणि बाजूच्या उपड्या पाटीवर ठेवला.

"उंबऱ्यावर काय ठिऊ न्हाई," ती म्हणाली आणि परत पावट्याच्या शेंगा सोलायला बसली.

पासली गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी, धनगरांची चार घरं आहेत. त्यातलं हे आक्काबाईचं. तिची लेक रत्ना विंझरला दिलेली, तिथं नवऱ्याबरोबर दुकान चालवते. पुण्याची ही मुलगी रत्नाचं नाव विचारत विचारत दुकानात आली आणि तिलाच गाडीत घालून इथवर घेऊन आली. रत्ना आता भिंतीला टेकून उभी होती. आक्काबाईचा दीर गोरख दाराबाहेर दोर वळत होता. पाहुणी बाईमाणूस म्हणून तो आत आला नाही, पण कान आतच होते.

"मावशी, नव्याण्णव साली तुमच्या माळावर गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला होता," शेफाली म्हणाली. "मोरचूद नावाचा बँड आला होता. माझे बाबा त्यांचं रेकॉर्डिंग करायचे. तेच आता साफसूफ करून आम्ही नव्यानं काढतोय."

"ठावं हाय."

ठावं असणारच. मोरचूद म्हटल्यावर गावाला आधी वाटलं, फवारणीवाले आले. उतरली ती खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं. निळे-तांबडे दिवे लावून एकेक सूर कासऱ्यासारखा ओढत बसायची, आणि समोरची शहरी मंडळी गवतात पडून आभाळाकडं बघायची. गावानं हसून घेतलं, मग भाकऱ्याही पुरवल्या. शेवटच्या संध्याकाळी सरपंचांनी सगळ्या बँडला फेटे बांधले. पाहुणा कसाही असो, बोडक्या डोक्यानं परत पाठवायचा नाही. त्याच संध्याकाळी आक्काबाईचा नवरा आपला गजी नाचाचा ढोल गळ्यात घालून त्यांच्या स्टेजवर चढला आणि असा वाजवत सुटला की ती पोरं आपापलं सोडून त्याच्या तालामागं चालायला लागली.

रात्री तो घरी आला नाही. सकाळी गोरखनं सांगितलं, दादाला टेम्पोत मागं बसलेला मी बघितला. ढोल तेवढा माळावर सापडला. झालं. बायको-पोर टाकून गाणाऱ्यांच्या नादाला लागला, असं ठरलं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पुढं तो कुणाला दादरला दिसला, कुणाला साताऱ्याला.

आक्काबाई मात्र रोज सकाळी कुंकू लावत राहिली. पहिली काही वर्षं ती फार चिडायची. मग चीडही येईना. थंडीत बोटं बधिर झाली की काटा रुतलेला कळत नाही, तसं तिचं झालं होतं. सव्वीस वर्षं ती शेळ्या राखत होती, भाकऱ्या थापत होती, लेकीचं लग्नही तिनं एकटीनं लावलं.

तिनं शेंगेवरून नजर काढली नाही.

"आमचं मानूस हाय का गं तुमच्याकडं? त्या गाण्यावाल्यांत?"

"कोण माणूस?"

"ऱ्हाऊ दे. लाव तुझं."

शेफालीनं मोबाईलवर बोट ठेवलं. गिटारीचा एक लांब सूर थरथरत संपला. टाळ्या झाल्या, जनरेटर बंद पडला, कुणीतरी हसलं. मग टेम्पोचं दार आपटलं आणि नागिणीच्या चालीचा हॉर्न वाजवत टेम्पो घाट उतरू लागला. आवाज बारीक होत होत गेला. मागं रातकिडे उरले. आणि लांबून, वरून, एका बाईचा आवाज आला.

"रत्नेऽऽ... ए रत्नेऽऽ..."

त्यावर अगदी जवळून, माणूस खाकरून घसा मोकळा करतो तसं झालं.

"ओऽऽ... आलो गं."

खट्ट. संपलं.

"बाबा मागं राहून वायरी गोळा करत होते," शेफाली सांगायला लागली. "यंत्र चुकून चालूच राहिलं. जुन्या कॅसेटमध्ये हे घेतलंच नव्हतं. आता ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांना हाच तुकडा आवडतोय. आम्ही त्याला 'रत्ना' असंच नाव दिलंय. रत्नाताई, तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

"आयेच्या कडेवर व्हते."

"तेच तर. हाक मुलीला, आणि ओ देतोय पुरुष. ते कोण, बाबांना काही आठवत नाही."

रत्नानं आईकडं पाहिलं. आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी होती.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आक्काबाईला तिच्या आईनं सांगितलेलं. तिनं ते लग्नापासून पाळलं. लेक झाल्यावर सोय झाली. रत्ने म्हणून हाळी दिली की माळावरून, पाणवठ्यावरून, असेल तिथून तो ओ द्यायचा. लेकीला स्वतःचं नाव कळायच्या आधीपासून तिच्या नावाला बापच ओ देत होता. तो पळाला असं कळल्यावर आक्काबाईनं त्याला पोटभर शिव्या दिल्या, पण नाव न घेता. कुठं का असेना, जगू दे मेल्याला, असं तिला वाटायचं.

"परत लाव," ती म्हणाली.

टेम्पोचा हॉर्न आला तसा तिनं हात वर केला.

"थांब. ह्यो टेम्पो. ह्याच्या माघारी अजून गाडी गेली का?"

"नाही मावशी. बँड सगळा त्या एकाच टेम्पोत होता. बाबा मुक्काम करून सकाळच्या एस्टीनं गेले."

"म्हंजी टेम्पो आधी गेला. हाळी मागनं."

"हो. मधलं काहीच कापलेलं नाही."

बाहेर दोर वळणं थांबलं होतं. गोरख आत आला. शेफालीनं दाखवायला आणलेलं तबकडीचं मोठं कव्हर खाटेवर पडलं होतं, ते त्यानं उचललं. टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय सोडून पाच जण बसले होते. पाचही जणांच्या डोक्याला फेटे होते. गोरख ते कव्हर दाराच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला.

"फेटा दिसला व्हता," तो म्हणाला. "अंधारात पाठ आन फेटा. मला वाटलं दादाच."

त्यानं कव्हर पालथं ठेवलं आणि तिथंच खाली बसला.

"म्या हाळी दिली तवा वारा खाली चालला व्हता," आक्काबाई म्हणाली. "माझी हाळी त्येंना पोचली. त्येंची ओ वर आली न्हाई."

माळ आणि वस्ती यांच्यामध्ये घळ आहे. पायवाट तिच्या काठाकाठानं येते. ढोल सकाळी नेऊ म्हणून माळावर ठेवून, हाकेसरशी अंधारात निघालेला माणूस त्याच वाटेनं आला असणार. त्या वेळी घळीत कुणी उतरलं नाही. मुंबईला पळालेल्या माणसाला घळीत कोण शोधणार?

"त्या साली गिधाडं बसत व्हती घळीत," गोरख म्हणाला.

"व्हय."

"कुनाचं वासरू पडलं आसंल, म्हनलो आपून."

"म्या बी तेच म्हनले."

रत्ना भिंतीला घसरत खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. शेफाली गोंधळून एकेकाकडं बघत होती.

"माझा बा हाय त्यो," रत्ना म्हणाली. "त्या रातीपासनं घरी आला न्हाई."

शेफालीनं घाईनं मोबाईल उलटा केला. "मला खरंच माहीत नव्हतं. मावशी, आम्ही हा तुकडा काढून टाकतो."

"नगं."

आपल्यालाही रडू येईल, म्हणून आक्काबाई वाट बघत होती. ते आलं नाही. तो टाकून गेला नव्हता. हाक ऐकून, घसा साफ करून, घरीच यायला निघाला होता. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, कारण तो कुठंतरी जिवंत आहे हे ज्या दोरीला बांधलेलं होतं ती दोरी त्याच 'आलो गं'नं तुटली होती. पळालेला का होईना, तिला सव्वीस वर्षं नवरा होता.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "आलो म्हनालेत. लोकांनी आयकू दे."

"मग त्यांचं नाव छापायला हवं," शेफाली हळूच म्हणाली. "काय लिहू?"

रत्नानं डोळे पुसून तोंड उघडलं. शाळेच्या कागदावर, रेशनच्या दुकानात, कुठंही बापाचं नाव सांगायची पाळी आली की रत्ना स्वतः, नाही तर गोरख सांगायचा. आक्काबाईनं हातानंच लेकीला थांबवलं.

"म्या सांगते."

"आये," रत्ना म्हणाली.

"आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय त्येंचं."

तिनं नाव घेतलं. पण ते इतकं बारीक निघालं की शेफाली पुढं वाकली.

"ऐकू नाही आलं, मावशी. परत सांगता?"

आक्काबाईला ते नाव हळू कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं, मोठ्यानंही नाही. तिला हाळी तेवढी देता यायची.

"सावळाऽऽ," ती म्हणाली.

वाडग्यातल्या शेळ्यांनी माना वर केल्या. शेफालीनं नाव लिहून घेतलं. आक्काबाई सवयीनं थोडी थांबली, कान दाराकडं देऊन. मग तिनं अर्धी राहिलेली शेंग सोलली आणि दाणे सुपात टाकले.