यादीतलं सातवं नाव

पहाटे पाचला प्रार्थनेला बसायचं, हा माझा अकरा वर्षांचा नेम. सासूबाई गेल्या त्या दिवशीही तो मोडला नाही, आणि त्याचा मला केवढा तोरा होता! खोपटच्या आमच्या चाळीत ख्रिस्ती घर एकच. शेजारची ठमाबाई माझा आवाज ऐकून उठायची आणि चूल पेटवायची. तिला घड्याळाची गरज नव्हती.

बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझी यादी होती. आमच्या चर्चच्या मंडळीतले आजारी, नोकरी गेलेले, नवरा पिऊन मारतो अशा दोघी. वीस नावं मी दहा मिनिटांत उरकायचे. शेवटच्या नावाला येईपर्यंत भाजी कसली करायची तेही ठरलेलं असायचं. माझे यजमान, याकोब, शाळामास्तर. ते गोधडीतून म्हणायचे, "दीना, देवापुढे हजेरी घेतेस की काय?" माझा राग नाकावरच. मी दिवसभर बोलायचे नाही.

चोपन्न सालच्या जानेवारीत त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, दोन्ही फुप्फुसं पोखरलीत. फार उशीर झाला. घरीच ठेवा, महिनाभर फार तर." दिवस बुधवारचा होता. दुपारी बायकांची प्रार्थनासभा, आणि नेम मोडायचा नाही म्हणून मी तशीच आमच्या ख्रिस्ती देवळात गेले. सतरंजीवर बसले, पाळी आली तशी डोळे मिटून सुरू झाले. डोळ्यांपुढे तो काळा एक्स-रे, आणि तोंडाचा पट्टा आपला चालू.

"प्रभो, सलोमीबाईंच्या उत्तमचा ताप उतरव. त्या पोरक्या लेकराला बरं करून आजीच्या हाती दे."

उत्तमला पुरून तीन आठवडे झाले होते. कबरीत मूठभर माती मीही टाकली होती.

कोणी आमेन म्हणेना. डोळे उघडले तर सगळ्या जणी माझ्याकडे पाहत होत्या, आणि समोरच सलोमीबाई. सहा वर्षांचा नातू गमावलेली ती म्हातारी एकटीच हळू आवाजात "आमेन" म्हणाली. मी चपला हातात घेऊन पळत सुटले.

घरी येऊन सातवं नाव पेन्सिलीने असं खोडलं, की पान फाटलं.

दुसऱ्या दिवशी पाचला बसले. एकविसावं नाव आता घरातलंच होतं. "याकोबला बरं कर" असं मी म्हणाले मात्र, आणि माझं मलाच ऐकू आलं. तीच चाल. नोकरी गेलेल्यांना आणि परक्यांच्या तापाला लावायची तीच. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चार दिवस मी अशी माझ्याच जिभेशी झगडत होते. मला भीती वाटत होती, सांगते ना! माझा माणूस मरायला टेकला होता, आणि त्याच्यासाठी देवाशी धड एक वाक्य मला बोलता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "दीना, माझ्यासाठी प्रार्थना कर ना. मोठ्याने कर."

मी केली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. "हजेरी नको गं," म्हणाले.

त्या दुपारी ठमाबाईला त्यांच्याजवळ बसवून मी चेंदणीला सलोमीबाईंकडे गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांचे पायच धरले. "सलोमीबाई, माझं चुकलं. मला माफ करा."

"उठ गं, लोक बघतील." त्यांनी सूप बाजूला सारलं. "रागच आलेला मला तुझा. लक्ष नव्हतं तुझं, कळत नाय काय? पण त्याला पुरला तेव्हापासून आळीत कोण त्याचं नाव घेत नाय. मला वाईट वाटेल म्हणून. तू घेतलंस. म्हणून म्हटलं आमेन." मग त्यांनी विचारलं, "नाव अजून आहे ना तुझ्या यादीत?"

खोटं बोलवेना. "खोडलं," मी म्हणाले.

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. दोन महिने मी त्या पोराचं नाव रोज पहाटे घेतलं होतं, आणि त्याचा चेहराही मला नीट आठवेना. मी विचारलं, "कसा होता हो उत्तम?"

"हट्टी. तापात जांभळं पाहिजेत म्हणून बसला. डिसेंबरात कुठली जांभळं? मला तर मोठी प्रार्थना सुचेचना. मी देवाकडे जांभळंच मागितली."

"मग?"

"मग काय? नाय मिळाली." त्यांनी पदराने नाक पुसलं. "रोज मागायचे तरी."

उन्हं उतरेपर्यंत त्या उत्तमबद्दल बोलत राहिल्या. मी ऐकत होते. मध्ये एकदाही भाजीचा विचार आला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. मी बायबल उघडलं नाही. कंदिलाची वात वर केली आणि खाटेपाशी बसून त्यांच्याकडे पाहिलं. किती दिवसांत असं पाहिलं नव्हतं! गालांची हाडं वर आली होती, ओठ सुकले होते, आणि घोंगडी सरकून पाय उघडे पडले होते. मी ते हातात घेतले.

"प्रभो," मी म्हणाले, "यांचे पाय गार पडलेत."

मी तळवे चोळत रडत राहिले. पाय काही ऊब धरत नव्हते. भिंतीपलीकडे ठमाबाई अजून उठली नव्हती; माझा आवाज आज तिच्यापर्यंत गेलाच नव्हता.

बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, ते म्हणाले, "आमेन."

मी पाय सोडले नाहीत.