गार फुग्यातला श्वास

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर श्वासमहाराज एकेकाच्या हाती फुगा देत होते. "ओढा! माझ्या शंभर वर्षांच्या साधनेचा श्वास आहे हा!" महाराज पन्नाशीचेही नसतील, पण विचारतो कोण? लोक फुगा ओढायचे, खदाखदा हसायचे, कुणाला गेलेली आई दिसायची.

माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. नवरा गेल्यापासून ती रोज इथे यायची. फुगा ओढला की तिला तो दिसायचा. तिसऱ्या महिन्यात पाय बधिर झाले. मशीनच्या पायडलवर पाय आहे की नाही, तेही कळेना. म्हणून मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर गेले.

तिने महाराजांना पाय दाखवले. ते गरजले, "जमिनीची ओढ सुटली! ही आता तरंगणार!" माणसं तिच्या पायांवर डोकं टेकू लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिच्या हातातला फुगा हिसकावला. गार! माणसाच्या श्वासाने भरलेला फुगा गार कसा? मी केक करते. क्रीम फुलवायच्या बाटलीला गॅसचं नळकांडं लावलं की ते असंच गारठतं.

मी तडक पडद्यामागे घुसले.

"बाई, भस्म व्हाल!" शिष्य ओरडला.

भस्म कसली होतेय! आत माझ्या दुकानात असते तशीच बाटली आणि पोतंभर रिकामी नळकांडी. पोतं स्टेजवर ओतलं, सगळ्यांदेखत बाटलीला नवं नळकांडं लावून फुगा भरला. फुस्स! "घ्या, माझीही शंभर वर्षांची साधना!"

महाराज मागच्या दाराने पसार झाले.

मी बहिणीला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ती कोसळलीच.

"नायट्रस ऑक्साइड," डॉक्टर म्हणाले. "भूल देताना आम्ही तो ऑक्सिजन मिसळून, थोडाच वेळ, लक्ष ठेवून देतो. रोज असा ओढला की शरीरातलं बी-बारा जीवनसत्त्व निकामी होतं, मज्जारज्जूवरचं आवरण झिजतं."

"बरी होईल ना?"

"बरीच सुधारेल. पूर्ण बरी होईल असं आत्ता सांगत नाही."

बहिणीने मला हळूच विचारलं, "ताई, मग तो दिसायचा तो?"

"गॅस, बाळा." हे तोंडून काढताना मला त्या महाराजाचा गळा धरावासा वाटला.

इंजेक्शनं चालू आहेत. मशीनवर बसली की मान वाकवून स्वतःचे पाय बघते, तेव्हा कुठे टाका पडतो. तो माणूस मात्र दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये फुगे वाटत असेल. तुमच्या हातात दिला, तर ओढण्याआधी विचारा, यात काय भरलंय? आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडाला लावू नका.