दोनदा मेलेला एझ्रा टिंडल

गावाच्या इतिहास मंडळाचा चिटणीस नॉर्मन हेस्लॉप. कुणाच्या पणजोबाचं लग्न पहिल्या मुलाच्या बारशानंतर लागलं, हे त्याला तोंडपाठ असे, आणि चहाबरोबर तो ते वाढतही असे. आज पाळी विनीची होती.

"१९०९च्या खाणीतल्या स्फोटातल्या मृतांच्या यादीत तुझे आजोबा, एझ्रा टिंडल. खाणीच्या घरांच्या वहीत मात्र ते १९४६पर्यंत सात नंबरच्या घरात. तुझा बाप जन्मला १९१२ला. मेल्यावर तीन वर्षांनी. चिवट माणूस."

"मी त्यांच्या मांडीवर खेळलेय, नॉर्मन. यादी चुकली असेल."

"मग नाव गाळतो. गुरुवारी पाथरवट येतोय, स्फोटातल्या मृतांच्या स्मारकावर एकदा कोरल्यावर खोडता यायचं नाही."

विनीने मान डोलावली, पण पाय घराकडे वळेनात. ती हेटीमावशीकडे गेली. मावशी नव्वदीची, स्फोट झाला तेव्हा दहा वर्षांची, सात नंबरच्या शेजारच्याच घरात.

"नाव गाळताय?" सगळं ऐकून मावशी म्हणाली. "एझ्राला खाणीतून वर आणलं तेव्हा मी रस्त्यावर उभी होते. बूट तेवढे ओळखू आले."

"मग माझे आजोबा कोण?"

"त्यांच्याकडचा भाडेकरू. घर खाणीचं; घरात खाणीवर जाणारा माणूस नसला की पंधरा दिवसांत सामान रस्त्यावर. तुझी आजी, पदरात दोन पोरी. सोमवारी भाडेकरूने एझ्राचा हजेरीचा पितळी बिल्ला उचलला आणि त्याच्या नावाने खाली उतरला. मुकादमाला कोळसा हवा होता, चेहरा नको."

"आणि गाव?"

"गाव 'काय रे एझ्रा' म्हणालं. बायका तर आधी म्हणाल्या."

"त्यांचं खरं नाव काय होतं, मावशी?"

मावशीने बराच वेळ आठवून पाहिलं. "दूर दक्षिणेतल्या कॉर्नवॉलकडचा होता. कबुतरं पाळायचा. नाव... अगं, आम्ही त्याला एझ्राच म्हणायचो ना."

विनी बाहेर आली. एझ्राचं नाव गाळावं, तर खाणीत मेलेला माणूस मेलाच नाही असं होणार. ठेवावं, तर तिला कबुतरं धरायला शिकवणारा माणूस जन्मलाच नाही. आणि टिंडल आडनाव मिरवणारी ती स्वतः कोण, हा हिशेब तर तिला सुरूही करता येईना.

बुधवारी तिने नॉर्मनला सांगितलं, "नाव कोर."

"आणि तुझ्या वंशावळीत बापाच्या वर काय लिहू?"

विनीने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. चौकटीत लिहिलं, 'एझ्रा'. खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

"हे काय?" नॉर्मन म्हणाला.

"मलाही कळलेलं नाही," विनी म्हणाली. "राहू दे."