अध्यक्षांची सही

"मागे घ्या तो ट्रक. फाटकासमोर उभं राहायचं नाही," तुरुंगाचा पहारेकरी तिसऱ्यांदा सांगून गेला.

"आज मला कोण हलवतंय तेच बघते," वर्ना टिडवेल आतूनच म्हणाली. "अमेरिकेच्या अध्यक्षांनी सही केलीय म्हणावं."

"वहिनी, सही लीमनच्या सुटकेवर केलीय, पार्किंगवर नाही," तिचा दीर इझेल म्हणाला आणि त्यानं ट्रक मुकाट्यानं मागे घेतला.

आठला यायला सांगितलं होतं, आता साडेदहा वाजत आले होते. वर्नाच्या मांडीवर तळलेल्या कोंबडीचा डबा फडक्यात बांधलेला होता. तो केव्हाच गार झाला होता, तरी तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती होते. तिला एकाहत्तरावं लागलं होतं. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालून घालून तिची बोटं आखडली होती, आणि त्याच बोटांनी, जेवणाच्या सुट्टीत, घड्यांच्या टेबलावर तिनं एकोणीस वर्षं अर्ज लिहिले होते. अध्यक्ष बदलत गेले, पक्ष बदलले, वर्नाचा अर्ज तोच राहिला. 'माझा मुलगा पंचविसाव्या वर्षी चुकला. त्याच्या चुलतभावाच्या गाडीत पांढऱ्या पावडरीची पिशवी सापडली. त्यानं कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही. त्याला तीस वर्षं दिलीत.' दोनदा नकार आला. एकदा तर काहीच आलं नाही.

शेजारणी म्हणायच्या, "वर्ना, एवढ्या मोठ्या माणसाला तुझ्या लीमनची काय पडलीय?" तिचं उत्तर ठरलेलं असे: "ज्याच्या एका शब्दावर लढाऊ जहाजं समुद्र ओलांडतात, त्याला एक कुलूप उघडायला कितीसा वेळ लागतो?"

आणि खरंच, दोन आठवड्यांपूर्वी वकीलबाईंचा फोन आला. मिस हॅनिगन तरुण होत्या, फी न घेता काम करत होत्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. अध्यक्षांनी उरलेली शिक्षा माफ केली होती. वर्नानं फोन कानाला तसाच धरून समोरची ओली चादर छातीशी आवळली होती.

अकराला बाजूचं लोखंडी दार उघडलं.

लीमन बाहेर आला. चव्वेचाळीस वर्षांचा, कानशिलावर पांढरा झालेला. वर्ना ट्रकमधून उतरली ती धावतच सुटली. मग तिला त्याचे हात दिसले. बेड्या तशाच होत्या. त्याच्या दंडाला धरून एक जाडसर, वयस्क माणूस चालत होता. त्याच्या अंगात तुरुंगाचा गणवेश नव्हता, खाकी होता, छातीवर तारा होता.

"काढा ना आता त्या," वर्ना हसतच म्हणाली. "सुटला तो."

"बाई, तुम्ही आई का याच्या?" त्या माणसानं टोपी काढली. "मी ग्रेडी. तुमच्याच काउंटीच्या शेरीफचा पोलीस. मला याला घेऊन जायचंय."

"कुठं?"

"राज्याच्या तुरुंगात. राज्याची बारा वर्षं बाकी आहेत."

वर्नाला वाटलं, माणूस चुकला असणार. तिनं पर्समधून अध्यक्षांच्या आदेशाची प्रत काढली, उलगडून त्याच्या नाकासमोर धरली. "वाचा. सही वाचा कुणाची आहे ती."

"वाचली बाई. आतसुद्धा दाखवली मला."

"मग?"

"केंद्राच्या गुन्ह्याची माफी आहे ही. त्याच पिशवीवरून राज्यानंही खटला चालवला होता."

"ती यातच धरली होती ना? एका पिशवीला दोन शिक्षा?"

"कायद्यानं चालतं ते. केंद्राचं केंद्राला, राज्याचं राज्याला. राज्याच्या शिक्षेला अध्यक्षांना हात लावता येत नाही."

"अहो, अख्ख्या देशाचा अध्यक्ष आहे तो!" तिचा आवाज चिरकला. पहारेकऱ्यानं मान वळवून पाहिलं. "तुम्हाला त्याचा हुकूम चालत नाही?"

"माझी नेमणूक त्यांनी केलेली नाही, बाई," ग्रेडी खालच्या आवाजात म्हणाला. "आणि याबाबतीत माझ्या शेरीफलाही ते सांगू शकत नाहीत."

वर्नानं मिस हॅनिगनना फोन लावला. पलीकडे कागदांची उलथापालथ ऐकू आली. "मिसेस टिडवेल... दोन्ही शिक्षा एकदमच भोगून होताहेत असं मी धरून चालले. राज्याच्या निकालात 'केंद्राची संपल्यानंतर' असं लिहिलंय. चूक माझी आहे. मी बघायला हवं होतं."

"मग अध्यक्षांना सांगा ना, राज्यपालांना एक फोन करा म्हणावं."

"करू शकतात. पण ऐकायला राज्यपाल बांधील नाहीत. आपल्याला राज्याकडे नव्यानं अर्ज करावा लागेल."

"किती दिवस लागतील?"

मिस हॅनिगननी उत्तर वर्षांत दिलं.

वर्नानं फोन बंद केला आणि पहिल्यांदा मुलाकडे नीट पाहिलं. लीमन जमिनीकडे बघत होता. तो दचकला नव्हता, चिडला नव्हता.

"तुला ठाऊक होतं."

"दहा दिवस झाले, आई."

"आणि रोज फोनवर माझ्याशी बोलत होतास? कोंबडी कशी करू विचारलं, तर तिखट कर म्हणालास!"

"काय बोलू? तू गात होतीस फोनवर. एकोणीस वर्षांत तुला गाताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, दहा दिवस तरी गाऊ दे हिला."

तिनं त्याच्या छातीवर मूठ आपटली. एकदा, दोनदा. मग तिथंच कपाळ टेकून उभी राहिली. बेड्यांमुळे त्याला तिला जवळ घेता येईना. त्यानं हनुवटी तिच्या डोक्यावर ठेवली. ग्रेडी पाठ करून रस्त्याकडे बघत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ.

इझेल पुढे झाला. "साहेब, दोन घास खाऊ दे पोराला."

"बाहेरचं काही देता येत नाही. नियम आहे." ग्रेडीनं टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली. "हे बघा, अडीचशे मैलांचा रस्ता आहे. वाटेत त्याच्याशी बोलू देता येणार नाही मला. पण सावकाश चालवायला कुणी मना केलेलं नाही. मी ताशी पंचावन्नच्या वर जाणार नाही. माझ्या मागे राहा."

काउंटीची गाडी निघाली. इझेलनं ट्रक तिच्या मागे लावला. लीमन मागच्या सीटवर होता. जाळीपलीकडे, काचेतून त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. पहिले वीस-तीस मैल तो सारखा मान वळवत होता, प्रत्येक वेळी वर्ना हात वर करायची. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची रानं होती, कुठं चर्च, कुठं पेट्रोल पंप. लीमनचा चेहरा आता त्या रानांकडे वळला होता. एकोणीस वर्षांत त्यानं एवढं लांबचं काही पाहिलं नव्हतं.

"राज्यपालांच्या नावात दोन 'एल' आहेत की एक?" वर्नानं विचारलं.

"दोन," इझेल म्हणाला.

तास-दीड तासानं त्यांच्यामागे एक भलामोठा मालट्रक आला. पुढं दोन्ही गाड्या रेंगाळताहेत हे बघून त्याचा चालक वैतागला, हॉर्न वाजवायला लागला. इझेल आधीच तापलेला होता. त्यानं शिवी हासडली आणि आपल्या हॉर्नवर हात नेला.

वर्नानं त्याचं मनगट धरलं.

पुढच्या गाडीतलं ते डोकं हळूहळू एका बाजूला कलत काचेला टेकलं होतं. खड्डा आला की हलायचं, पुन्हा टेकायचं.

"नको," ती कुजबुजली. "झोप लागलीय त्याला."