गावच्या चॅनेलवर मालन

दिवाळीला प्रथमेश पुण्याहून आला आणि त्याने आमची केबल काढून टाकली. केबलचा डबा पिशवीत घालून हर्षदच्या ऑफिसात नेऊन दिला आणि टीव्ही वाय-फायला जोडला. "बाबा, आता हवं ते, हवं तेव्हा बघा," म्हणाला. सुनेने, रसिकाने, त्यात माझ्या नावाचा चौकोन करून दिला. टीव्ही लावला की तो आधी विचारतो, कोण बघतंय? मी 'बाबा'वर जाऊन बटण दाबतो. घरात दुसरं कोणी नसतंच.

वाईट काही नव्हतं. जगातलं सगळं दिसायचं. फक्त रत्नागिरी दिसायची नाही.

हर्षद म्हणजे आमचा केबलवाला. त्याचं गावापुरतं एक चॅनेल आहे. संध्याकाळी त्यावर पाणी कधी सुटणार, कुठला रस्ता बंद आहे ते सांगतात. मग वाढदिवसाचे फोटो आणि शेवटी श्रद्धांजल्या. माझी बायको मालन तेवढंच मन लावून बघायची. हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. "अहो, हातखंब्याचे तुमचे ते कंडक्टर गेले. उद्या जाऊन या." मी एसटी डेपोत मेकॅनिक होतो. निम्म्या लोकांच्या दारी मी गेलो तो तिने सांगितलं म्हणून.

गेल्या पौषात ती गेली तेव्हा तिचाही फोटो तिथे लागला होता. तो बघून माणसं आली. पूर्णगडहून दोन बायका आल्या, त्यांना मी ओळखतही नव्हतो. मालनने कधीतरी त्यांच्या मुलीचं लग्न जमवलं होतं म्हणे. तेराव्यापर्यंत घरात बसायला जागा नव्हती. त्यानंतर मात्र कोणी आलं नाही.

म्हणून वर्षश्राद्ध जवळ आलं तसा मी तिचा फोटो घेऊन हर्षदकडे गेलो. गुहागरला भाचीच्या लग्नात काढलेला, केसात अबोली, तोंडभर हसू. प्रथमेशने सगळ्यांना मोबाइलवर कळवतो म्हटलं होतं. पण मला तेवढं पुरेसं वाटत नव्हतं. पुन्हा एकदा माणसं यावीत, तिच्याबद्दल दोन शब्द बोलावीत, एवढंच मला हवं होतं.

हर्षद फोटोकडे बघत म्हणाला, "काका, तुम्ही तर केबल सोडलीत. बघणार कुठे?"

"माझं राहू दे. गाव बघेल ना?"

तो नुसता हसला. "लावतो. श्राद्धापर्यंत रोज लावतो," म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी मी शेजारी आप्पांकडे गेलो. त्यांनीही केबल काढली होती. "आमच्याकडे आता क्रिकेटसुद्धा नेटवर. बसा, मॅच बघा," म्हणाले. पुढच्या दोन घरांतही तेच. आळीतून जाणारी काळी वायर आता एकाच घरात शिरत होती, सोनूबाईंच्या.

सोनूबाई आणि मालन बोलत नव्हत्या. सोनूबाईंच्या माडाची झावळी आमच्या कौलांवर पडली होती. त्यावरून जी जुंपली ती कायमची. मालन गेली त्या दिवशी सोनूबाईंनी चहाची किटली पाठवली, पण स्वतः उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. मी त्यांच्या बेड्यापाशी, फाटकाबाहेरच, थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. घरी फोन जवळ घेऊन बसलो. कोणाचा आला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र गेलो. त्या ओटीवर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, तुमच्याकडे केबल आहे ना?"

"आहे. का हो, तुमचा तो मोठा टीव्ही बिघडला?"

"नाही. मालनचा फोटो लागणार आहे."

त्यांनी सोड्यांचं सूप बाजूला ठेवलं. "आत या भावोजी. खुर्चीवर बसा, पलंग कुरकुरतो."

टीव्ही लावला. पाण्याचं झालं. वाढदिवस सुरू झाले. एक टोपी घातलेलं बाळ, एक नगरसेवक, आणि मग मालन. डोक्यावर लाल-पिवळे फुगे, बाजूला केक. खाली लिहिलेलं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

मी ती ओळ पुन्हा वाचतोय तोवर सोनूबाईंनी फोन उचललासुद्धा.

"हर्षद, मेल्या, डोळे फुटले काय तुझे? त्या मालनला जाऊन वर्ष झालं नि तू केक कापतोस तिचा?"

फोन स्पीकरवर होता. "कोण, काकी? थांबा हो, बघतो. अरे देवा! नवीन मुलगी ठेवलीय, तिला हसरा फोटो दिसला नि तिने..."

"तुला डोळे नव्हते? कालपण असाच लावलास?"

"कालपण असाच गेला असणार. पण काकी, एक फोन नाही आला हो. कोणी काही बोललं नाही, म्हणून आम्हाला वाटलं सगळं बरोबर आहे."

सोनूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होतो. सबंध रत्नागिरीत दोन दिवस मालन फुग्यांखाली हसत होती आणि कोणाला ते खटकलं नव्हतं. खटकायला कोणी बघतच नव्हतं. मी तरी कुठे बघत होतो?

"आत्ताच्या आत्ता बदल. आम्ही इथून हलत नाही," सोनूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "चहा टाकते. साखर चालते ना?"

चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर सोनाराची जाहिरात चालू होती. त्यांनी आवाज बारीक केला. थोडा वेळ बशीतला चहा फुंकत राहिल्या.

"भावोजी, शेवटचं काय खाल्लं हो तिने?"

हे मला वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं. प्रथमेशनेही नाही.

"मऊ भात," मी म्हणालो. "आणि सोलकढी. दोन-तीन घोट."

"सोलं घरची?"

"तिनेच वाळवलेली. मला कढी जमत नाही. पलंगावरून सांगत होती, मीठ आता घाला, नारळ नीट पिळा. पातळच झाली. तरी म्हणाली बरी झालीय."

"बरी म्हणाली?" सोनूबाई हसल्या. "मग खरंच आजारी होती. माझ्या हातच्या कढीला सत्यनारायणात चार बायकांसमोर नावं ठेवली होती तिने. झावळीचं नुसतं निमित्त हो."

मला हे माहीत नव्हतं. मला हसू आलं. मग मी बोलत राहिलो. हॉस्पिटलचं, तिथल्या खिडकीतून दिसणाऱ्या सुरंगीच्या झाडाचं, ती सिस्टरवर कशी रागवायची त्याचं. सोनूबाई मधेमधे 'हं' म्हणत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "तशीच होती ती."

मी टीव्हीकडे बघितलं तेव्हा श्रद्धांजल्यांतला शेवटचा फोटो सरकत होता. कोणीतरी म्हातारे गृहस्थ होते.

"गेली वाटतं," सोनूबाई म्हणाल्या. "आपण बोलत बसलो. रात्री हेच सगळं पुन्हा लागतं, पण वेळ आहे. बसता?"

"बसतो," मी म्हणालो.